निवाऱ्यातील तीन वर्षांची कुत्री दत्तक घ्यावी की लॅब्राडॉरचे पिल्लू विकत आणावे?

मुक्ता_पुणे

नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरील दोन शयनगृहांच्या सदनिकेत राहतो. घरात मी, यजमान, १० वर्षांची मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सासूबाई घरातही काठी घेऊन चालतात. मुलगी दोन वर्षांपासून कुत्र्यासाठी मागे लागली आहे आणि आता मी घरून काम करू लागल्यामुळे तिला नाही म्हणायला कारण उरलेले नाही. लॅब्राडॉरचे पिल्लू घ्यायचे जवळजवळ ठरले होते. एका ओळखीच्या गृहस्थांमार्फत २५ हजार रुपये भाव आला आणि विसार तेवढा द्यायचा राहिला होता.

मधल्या काळात मुलीच्या वर्गशिक्षिकांच्या सांगण्यावरून आम्ही गावाबाहेरील एका निवाऱ्यात सहज म्हणून जाऊन आलो आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तिथे साधारण तीन वर्षांची एक पिवळसर, गावठी कुत्री आहे. नसबंदीची खूण म्हणून तिच्या कानाला काप आहे. मोटारीखाली सापडून मोडलेला तिचा मागचा पाय वाकडा जुळला आहे, त्यामुळे ती लंगडते. बाकीची कुत्री जाळीवर उड्या मारत होती आणि ही मागे भिंतीशी बसून होती. तिथल्या काकांनी मुलीला जाळीकडे पाठ करून जमिनीवर गप्प बसायला सांगितले. दहा मिनिटांनी ही हळूहळू पुढे आली, मुलीची वेणी हुंगली आणि जाळीच्या पलीकडे तिच्या पाठीला पाठ लावून बसली. तिचे नाव तिथे शेवंती ठेवले आहे.

यजमानांचे म्हणणे असे, की पिल्लू आपण लहानपणापासून घडवू शकतो, त्याचे आईबापही ठाऊक असतात. या कुत्रीने रस्त्यावर काय काय भोगले आहे हे कोणालाच माहीत नाही आणि घरात मूल व म्हातारे माणूस असताना असा धोका कशासाठी पत्करायचा. त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. मोठे झालेले कुत्रे आपल्याला लळा लावते का, हाही प्रश्न आहेच. सासूबाईंना सोवळ्याओवळ्याची चिंता आहे, आणि त्याहून अधिक, कुत्रे पायात येऊन आपण पडू याची. आमच्या सोसायटीच्या सचिवांनी तर ‘जातिवंत कुत्रा असेल तर बघू, रस्त्यावरचे आणू नका’ असे आधीच सांगून ठेवले आहे. ज्यांनी प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया लिहावे. अनुभव वाईट असेल तर आवर्जून लिहावे.

अनुराधा_नाशिक

मुक्ताताई, विसार दिलेला नसेल तर आधी हे वाचा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही लॅब्राडॉरचे पिल्लू विकत घेतले. पिल्लू ५० दिवसांचे आहे आणि पहिली लस झाली आहे, असे विक्रेत्याने सांगितले. एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळात, टोपलीतून काढून ते आमच्या हातात दिले गेले. त्याची आई आम्ही पाहिली नाही, पाहायला मागितलीही नाही. चौथ्या दिवशी त्याने खाणे सोडले, संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या आणि रात्री रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असल्याचे सांगितले. तीन दिवस सलाइन चालू होते. सातव्या दिवशी पहाटे माझ्या मांडीवरच ते गेले. विक्रेत्याला दूरध्वनी केला तेव्हा तो म्हणाला, दुसरे अर्ध्या किमतीत देतो.

पार्व्होचे विषाणू घरात कित्येक महिने जिवंत राहू शकतात आणि साध्या फिनेलने मरत नाहीत, हे मला त्यानंतर कळले. पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने सगळ्या फरश्या धुतल्या, गाद्या-पांघरुणे टाकून दिली. तरीही, लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू इतक्यात घरात आणू नका, असेच डॉक्टरांनी बजावले. वर्षभर रिकाम्या घरात काढल्यावर आम्ही सगळ्या लसी झालेला चार वर्षांचा देशी कुत्रा दत्तक घेतला. तत्त्व म्हणून आम्ही त्याला आणले नव्हते, आमच्या घरात तेव्हा येऊ शकेल असा तोच होता.

खंड्या आला तेव्हा पहिले २० तास त्याने लघवीसुद्धा केली नाही. धुण्याच्या यंत्रामागच्या फटीत अंग घालून बसला होता. कुकरची शिट्टी झाली की थरथरायचा आणि मी केर काढायला झाडू उचलला की जमिनीला चिकटायचा. दोन-तीन आठवड्यांनी तो जेवताना आमच्याकडे पाठ करू लागला. कोण मागून येते याकडे अर्धे लक्ष ठेवून खाणारे कुत्रे ज्या दिवशी पाठ करून खाते, त्या दिवशी ते आपल्या घरचे होते. लळा लावते का, असे आपण विचारले आहे. मी माहेरी जाते तेव्हा तो माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपतो, असे घरचे सांगतात.

पशुवैद्य_सातारा

मी गेली १८ वर्षे लहान प्राण्यांवर उपचार करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पिल्लू आपण घडवू, हा आपल्या यजमानांचा मुद्दा मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो आणि तो अर्धाच खरा आहे. माणसांची, आवाजांची, अनोळखी वस्तूंची भीती न बाळगण्याची सवय पिल्लाला मुख्यतः तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत लागते. विकत घेतलेल्या पिल्लाचा यातला बराचसा काळ आपल्या घरी येण्यापूर्वीच, विक्रेत्याकडे गेलेला असतो. म्हणजे तेही अज्ञात भूतकाळ घेऊनच येते. तो लहान असतो आणि विक्रेता त्याविषयी बोलत नाही, एवढाच फरक. कुत्र्यांचे प्रजनन आणि विक्री यांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. त्यांनुसार प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तेव्हा ‘आईबाप ठाऊक आहेत’ याचा अर्थ नेमका काय, हे यजमानांनी स्वतः तपासावे. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहिले आहे का? पिल्लाची आई जिथे राहते तिथे जाऊन तिला पाहिले आहे का? भ्रमणध्वनीवर आलेले छायाचित्र म्हणजे आई पाहणे नव्हे. ही दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर लॅब्राडॉर आणण्यात मला काही वावगे दिसत नाही. फक्त त्या जातीतील कंबरेच्या सांध्याच्या दोषाविषयी आणि सहज वाढणाऱ्या वजनाविषयी आधी विचारून घ्यावे.

तीन वर्षांच्या कुत्रीचा स्वभाव मात्र बव्हंशी ठरून गेलेला असतो आणि तो आणण्यापूर्वी पाहता येतो. मोठे कुत्रे दत्तक घेण्यातली सर्वांत मोठी सोय हीच आहे, आणि लोक नेमके तेच टाळतात. एका भेटीवर निर्णय घेऊ नका. चार-पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी जा. तिच्या पुढ्यात खाणे असताना कोणी जवळून गेले तर ती गुरगुरते का, मूल अचानक धावले तर मागे लागते की बाजूला होते, दुखऱ्या पायाला हात लावू देते का, छत्री उघडली तर किती वेळात सावरते, हे तिथल्या माणसांच्या देखरेखीखाली पाहा. घाबरणे हा दोष नाही. घाबरल्यावर ती मागे सरते की दात दाखवते, आणि सावरायला तिला किती वेळ लागतो, यावर लक्ष ठेवा.

आपल्या घरापुरती एक चाचणी मला या सगळ्यांहून महत्त्वाची वाटते. रस्त्यावरच्या कुत्र्याने आयुष्यात काठी पाहिलेली असते ती बहुधा उगारलेलीच, आणि सासूबाईंच्या हातात दिवसभर काठी असणार आहे. म्हणून ती काठी निवाऱ्यात घेऊन जा. नवी दुसरी आणू नका, त्यांच्या हाताचा वास असलेली तीच न्या. ती पाहून शेवंती काय करते आणि दोन-तीन भेटींत त्यात फरक पडतो का, ते पाहा. काहीच फरक पडला नाही तर त्या घरासाठी ती कुत्री योग्य नाही, असे मी स्पष्ट सांगेन. अशा वेळी मुलीला कितीही वाईट वाटले तरी थांबावे, आणि निवाऱ्यातील दुसऱ्या एखाद्या कुत्र्याचा विचार करावा.

आता तब्येतीविषयी. कानाचा काप म्हणजे तिची नसबंदी झाली आहे, आणि त्याच वेळी रेबीजची लसही दिली जाते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्याला शस्त्रक्रियेनंतर मूळ जागीच सोडायचे असते. परंतु लंगड्या कुत्रीला वाहत्या रस्त्यावर परत सोडणे म्हणजे तिला दुसऱ्या अपघाताकडे पाठवणे, त्यामुळे अशा कुत्र्यांना निवारा किंवा घर हेच दोन पर्याय उरतात. घेण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्या. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बबेशिया हे आजार आपल्याकडे फार आहेत आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यातही ते दडून राहतात. पायाचा एक्स-रे काढा. वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून बसवण्याची गरज सहसा पडत नाही, पण पुढे त्या सांध्याला संधिवात होऊ शकतो, म्हणून वजन वाढू देऊ नये. गुळगुळीत फरशीवर तिचा पाय सरकेल. तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जाड सतरंज्या अंथरा, मात्र त्यांच्या कडा खाली चिकटवून घ्या, नाहीतर सासूबाईंना कुत्रीपेक्षा सतरंजीचाच धोका अधिक. पहिला आठवडाभर निवाऱ्यात मिळत होते तेच खाणे द्या. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका आजी प्रेमाने भरवतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. रेबीजची लस दरवर्षी द्यायची. एवढे करूनही कोणाला दात किंवा नख लागलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरचेच कुत्रे आहे म्हणून थांबू नये.

आणि दिवाळीच्या आधी तिला घरी आणू नका. नवे घर आणि फटाके एकदमच आले तर पहिला महिना वाया जातो.

निशिगंध

आपण वाईट अनुभव आवर्जून मागितला आहे, म्हणून लिहिते. यापूर्वी हे कुठेच लिहिलेले नाही.

आम्ही दोघे मुंबईत नोकरी करतो. टाळेबंदी संपता संपता, घरी असण्याची सवय झालेली होती त्या काळात, छायाचित्र पाहून दीड वर्षाचा एक कुत्रा दत्तक घेतला. एका संध्याकाळी भेटलो आणि घेऊन आलो. पुढे कार्यालये पूर्ण वेळ सुरू झाली आणि तो रोज ११ तास एकटा राहू लागला. त्याने दाराची चौकट कुरतडली, नखे रक्ताळेपर्यंत दार खरवडले, शेजाऱ्यांनी भुंकण्याची तक्रार केली. पाचव्या आठवड्यात आम्ही त्याला परत नेऊन सोडले. संस्थेतल्या बाईंनी आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. तो आमच्या गाडीमागे फाटकापर्यंत आला आणि तिथे उभा राहिला.

त्या कुत्र्यात काहीही दोष नव्हता. त्याला पुढे एका निवृत्त दांपत्याने नेले आणि तो तिथे उत्तम आहे. आम्ही आमचा दिवस न मोजता त्याला आणले, ही चूक आमची. म्हणून ताई, भूतकाळाची चौकशी करताना स्वतःच्या पुढच्या १०-१२ वर्षांचीही चौकशी करा. घरून काम बंद झाले तर काय? सकाळी सहाला आणि रात्री दहाला तिला खाली कोण नेणार, पावसात कोण नेणार, गावी जाताना ती कोणाकडे राहणार? मुलगी नेईल, असे उत्तर देऊ नका. ती १० वर्षांची आहे आणि पाच वर्षांत तिची दहावी येईल. निवारा चालवणारी संस्था तयार असेल तर दत्तकपत्रावर सही करण्यापूर्वी महिनाभर सांभाळायला म्हणून आणा. कित्येक संस्था अशी सोय देतात. आम्हाला ते माहीत असते तर त्या मुक्या जिवाला दोनदा घर सोडावे लागले नसते.

माजी_सचिव_ठाणे

फक्त सोसायटीविषयी लिहितो. मी एका गृहनिर्माण संस्थेचा सहा वर्षे सचिव होतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. त्यांनुसार सर्वसाधारण सभेने बहुमताने ठराव केला तरी सदस्याला कुत्रा पाळण्यास मनाई करता येत नाही. जातिवंत चालेल आणि गावठी चालणार नाही, या भेदाला तर कसलाच आधार नाही. आपल्या बाजूने महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र, सामाईक जागेत पट्टा आणि घाण स्वतः उचलणे, एवढे चोख ठेवा. सचिवांशी वाद घालू नका. या कागदांच्या प्रती आपण होऊन नेऊन द्या. मी सचिव असताना माझा विरोध अशाच एका सदस्याने मोडून काढला होता. तिने आणलेली गावठी कुत्री माझ्या कार्यालयाच्या पायरीवर येऊन शांत बसायची आणि माझ्याकडे बोलायला काही उरायचे नाही.

बार्देशकर

मी गोव्यातून लिहितो. मोठ्या वयाच्या कुत्र्याला लळा लागतो का, याविषयी मला बोलता येईल. आमच्याकडे मे अखेरीस किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामी खानावळी, मोडून ठेवतात आणि हंगामभर तिथल्या ताटांतल्या उष्ट्यावर वाढलेली कुत्री पावसात उघड्यावर पडतात. अशीच एक, दातांवरून सात-आठ वर्षांची असावी, एका जूनमध्ये आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, येऊन बसली. तिला आत घेतले नाही, हाकललेही नाही. दहा-बारा दिवसांनी मी मासळी बाजाराला निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि परतलो तेव्हा तिथेच होती. आज पाच वर्षे झाली. आता तिला दिसत नाही, पण माझी स्कूटर वळणावर आली की घरचे सांगतात, ती उठून उभी राहते.

रेबीजच्या भीतीने लोक देशी कुत्र्यापासून दूर राहतात, त्यावर थोडे. गोव्यात घरोघरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना वर्षानुवर्षे मोहीम चालवून लसी टोचल्या गेल्या आणि २०२१ मध्ये हे देशातील पहिले रेबीजनियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. रेबीज लसीने अडतो. कुत्रे जातिवंत आहे की गावठी, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

मुक्ता_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निशिगंधताई, तुमचा प्रतिसाद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. सकाळची फेरी त्यांची, रात्रीची माझी असे ठरले आहे आणि आम्ही गावी जाऊ तेव्हा माझा भाऊ इथे येऊन राहील, असे त्याने कबूल केले आहे. यजमान लॅब्राडॉरच्या विक्रेत्याकडेही जाऊन आले. आई पाहायची आहे असे म्हटल्यावर ती ‘दुसऱ्या गावी’ असल्याचे सांगण्यात आले. तो विषय तिथेच संपला.

डॉक्टर, तुमच्या सांगण्याप्रमाणे आम्ही काठी नेली. पहिल्या भेटीत ती नुसती पाहताच शेवंती मागच्या भिंतीला जाऊन चिकटली आणि आम्ही निघेपर्यंत हलली नाही. ती गुरगुरली नाही, पण माझ्या मुलीला रडू आवरेना. दुसऱ्या भेटीत तिथल्या काकांनी काठी जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्या कडेने उकडलेल्या अंड्याचे तुकडे मांडले. शेवंतीने लांबचे दोन तुकडे खाल्ले, काठीजवळचे तसेच ठेवले. तिसऱ्या भेटीत तिने सगळे खाल्ले आणि काठी ओलांडून पलीकडे गेली. चौथ्या वेळी सासूबाई स्वतः आल्या. आमच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे. आदल्या दिवशी गुरुवारी तिला हार घालताना त्या बराच वेळ खालच्या चार कुत्र्यांकडे पाहत होत्या, पण मला काही बोलल्या नाहीत. निवाऱ्यात त्या खुर्चीवर काठी मांडीवर आडवी धरून बसल्या. शेवंती आली, काठीची मूठ पुष्कळ वेळ हुंगत राहिली, मग त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर बसली. सासूबाई एवढेच म्हणाल्या, की ही पायात येणारी नाही, हिलाही पायाचे दुखणे ठाऊक आहे.

रक्ततपासणीत एर्लिकिया निघाला आहे, औषध सुरू झाले आहे आणि तो कोर्स निवाऱ्यातच पूर्ण करतील. भाऊबीज झाल्यावरच्या शनिवारी आम्ही तिला महिनाभर सांभाळण्यासाठी म्हणून आणत आहोत. सतरंज्यांच्या कडांना लावायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणली आहे. डॉक्टर, एक राहिले. रात्री सासूबाई काठी पलंगाला टेकवून ठेवतात आणि शेवंतीची जागा त्याच खोलीच्या दाराशी करायची आहे. सुरुवातीचे काही दिवस काठी तिच्या नजरेआड ठेवावी की पहिल्या रात्रीपासून नेहमीच्याच जागी राहू द्यावी?

पशुवैद्य_सातारा

नेहमीच्याच जागी राहू द्या. मात्र रात्री ती घसरून पडून आवाज होऊ नये म्हणून भिंतीला एक आकडा ठोका आणि त्यात अडकवा. एर्लिकियाचा कोर्स साधारण महिनाभराचा असतो. ती तिथे बरी दिसू लागली तरी मध्येच थांबवू देऊ नका, आणि तो संपल्यावर प्लेटलेट एकदा पुन्हा मोजून घ्या.